सांगितलेलं सापडलं पाहिजे

मी चेन्नईतून बोलते आहे, तिरुवल्लिकेणीतून. इंग्रजांनी या नावाचं ट्रिप्लिकेन केलं. पार्थसारथीचं देऊळ, मेसमधलं जेवण, पायक्रॉफ्ट्स रोडवरची जुनी पुस्तकं आणि गल्लीत रांगेनं ठेवलेल्या रंगीत प्लास्टिकच्या घागरी, ही इथली ओळख.

आजचा विषय आहे संस्थेत साठवलेलं संशोधन आणि त्याचा सगळ्यांना होणारा, किंवा न होणारा उपयोग. विषय कोरडा वाटेल. मला तो एका घागरीनं शिकवला.

काही वर्षांपूर्वी मी पाणी शुद्ध करण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होते. लोकांच्या घरी जायचं, ते यंत्र कसं वापरतात ते पाहायचं आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. देवळामागच्या एका गल्लीत गेले. बाईंनी कॉफी दिली. मी वही उघडून पहिला प्रश्न विचारला, तर त्या म्हणाल्या, “मॅडम, हे मी गेल्या वर्षीच सांगितलं. तुमच्याकडचीच एक मुलगी आली होती. नळ फार खाली आहे, घागर बसत नाही, पेल्यानं भरावी लागते. तिनं सगळं लिहून नेलं.”

मला काय बोलावं ते सुचेना.

ऑफिसात येऊन संगणकावर शोधलं. ‘नळ’ टाकलं, ‘घागर’ टाकलं. काही नाही. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला तेव्हा कळलं की अहवाल आहे. फोल्डरचं नाव ‘फेज टू फायनल थ्री’, आणि आत नळाला ‘डिस्पेन्सिंग युनिट’ म्हटलेलं. लिहिणारी मुलगी नोकरी सोडून गेली होती. तोवर नव्या यंत्राचा साचा तयार झाला होता. नळ होता तिथेच, खाली.

म्हणजे ज्ञान आमच्याकडे होतं, पण ज्याला हवं त्याच्या हाताला लागलं नाही. पैसे गेले ते गेलेच. मला जास्त लागलं ते दुसरं. एका बाईंनी आपला वेळ दिला होता आणि आम्ही तो फुकट घालवला होता.

याचं उत्तर मला माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं. चेपॉकला मद्रास विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. 1924 साली तिथे पहिले ग्रंथपाल म्हणून शियाळी रामामृत रंगनाथन यांची नेमणूक झाली. ते मूळचे गणिताचे शिक्षक. सुरुवातीला त्या कामात त्यांचा जीव रमेना, परत शिकवायला जाऊ द्या म्हणत होते. मग ते इंग्लंडला गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली आणि परत आले ते या कामाचे होऊनच. 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपानं मांडले. त्यांचा सगळा रोख वापरावर आहे. ग्रंथ जपून ठेवणं हे निम्मंच काम. वाचक आणि ग्रंथ यांची गाठ पडली पाहिजे, तीही वाचकाचा वेळ न घालवता.

लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की नवी वस्तू. त्यावरून त्यांना वर्गीकरणाची कल्पना सुचली. एक विषय एकाच खणात कोंबायचा नाही, त्याचे पैलू सुटे करायचे आणि लागतील तसे जोडायचे. 1933 सालची त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती ती हीच.

आम्ही हेच आमच्या अहवालांना लावलं. प्रत्येक अहवालावर एक पान चढवलं. प्रश्न काय होता, कोणाला विचारलं, कुठे, कधी, काय कळलं, काय कळलं नाही. शीर्षक प्रश्नाच्या रूपात, साध्या भाषेत. ‘यंत्राखाली घागर बसते का?’ मग शब्दांची जोडयादी केली. डिस्पेन्सिंग युनिट म्हणजे नळ, नळ म्हणजे तोटी. विक्रीवाला एक शब्द वापरतो, इंजिनिअर दुसरा, दुरुस्तीला जाणारा तिसरा. तिघांनाही तोच कागद मिळाला पाहिजे. आणि कोणी शोधून रिकाम्या हातानं परतला तर तो शब्द आम्ही टिपून ठेवायला लागलो. कुठे काय कमी आहे हे त्या टिपणांनी जितकं दाखवलं, तितकं कुठल्याच बैठकीत कळलं नाही.

सर्वांत अवघड गेलं ते मोजमाप बदलणं. आधी साहेब विचारायचे, “किती अहवाल जमा झाले?” आता विचारतात, “कोणता निर्णय कोणत्या अहवालावरून घेतला?”

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. रामानुजन याच तिरुवल्लिकेणीत राहत होते. 1920 साली ते गेले. त्यांच्या शेवटच्या वर्षांतली शंभराहून अधिक पानं 1976 साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात जॉर्ज अँड्र्यूज यांना मिळाली. तिला ‘हरवलेली वही’ म्हणतात. खरं तर ती ग्रंथालयातच होती, दुसऱ्या एका गणितज्ञाच्या कागदांत. तिथे ती आहे हे गणिताच्या जगाला ठाऊक नव्हतं, एवढंच.

पुढच्या यंत्राचा नळ वर सरकला. मी त्या बाईंकडे पुन्हा गेले. या वेळी जुना अहवाल वाचून गेले आणि आधी मीच सांगितलं, “गेल्या वेळी तुम्ही घागरीचं बोलला होता.” त्या हसल्या, घागर पुढे ओढली आणि म्हणाल्या, “बसा. आता दुसरं सांगते.”

तुमच्या संस्थेतही असं कोणीतरी सांगून ठेवलेलं असेल. उद्या नवा सर्व्हे काढण्याआधी एक जुना अहवाल उघडा. तो तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पाच मिनिटांत सापडतो का, तेवढं बघा. नाही सापडला, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.