सत्तर रुपयांत चार तळी



या व्यासपीठावरून आपण एरवी अर्थकारण ऐकता, राजकारण ऐकता, क्वचित वेदान्तही ऐकता. आज मी आपल्याला शहरातल्या बसमध्ये बसवून तळी दाखवायला नेणार आहे. हा विषय व्याख्यानाचा की सहलीच्या हँडबिलाचा, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. व्याख्यान संपल्यावर तिचा निकाल आपणच लावावा.

पुण्याच्या माणसाला लोणावळ्याचे धबधबे ठाऊक असतात आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात तो होडीतही बसून आलेला असतो. पण सकाळी तोंड धुताना जे पाणी तो ओंजळीत घेतो, ते कोठून आले हे विचारले तर ‘नळातून’ या उत्तरापलीकडे त्याची गाडी सहसा जात नाही. या शहराला नदी मिळाली ती निसर्गाकडून. तळी मात्र माणसांनी बांधली. कोणी तहान भागवण्यासाठी बांधली, कोणी शोभेसाठी, कोणी कालव्याच्या शेतीसाठी. अशी चार तळी एका दिवसात पाहता येतात. खर्च म्हणाल तर परिवहन महामंडळाच्या दैनिक पासाचा. जून 2025 च्या दरवाढीत तो चाळीस रुपयांवरून सत्तर झाला. दरवाढीबद्दल प्रत्येकाचे मत असते, माझेही आहे, ते मी येथे सांगत नाही. सत्तर रुपयांत दिवसभर वाटेल तितक्या गाड्या बदलता येतात, एवढेच आपल्या कामाचे. शिदोरी घरची घ्यावी. वार शक्यतो कामाचा निवडावा. रविवारी सिंहगड रस्त्यावर आपण तळी पाहणार नाही, पुढच्या मोटारीचा नंबर पाहत बसू. बुधवारही टाळावा, कारण कात्रजचे प्राणिसंग्रहालय त्या दिवशी बंद असते.

सकाळी स्वारगेटला कात्रजची गाडी धरावी. या रस्त्यावर गाड्यांना तोटा नाही. बससाठी वेगळी मार्गिका राखण्याचा देशातला पहिला प्रयोग 2006 साली याच रस्त्यावर झाला. त्याचे पुढे काय झाले, ते खिडकीतून आपल्याला दिसेलच. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणजे चकवणे, हा वाक्प्रचार आपण सगळे वापरतो. बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूला भलत्याच दिशेला धावायला लावल्याची कथा त्याच्यामागे सांगतात. पण या घाटाने पुण्याला चकवा जसा दिला तसे पाणीही दिले, आणि त्याचा वाक्प्रचार मात्र झाला नाही.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, 1750 च्या सुमारास, घाटाच्या पायथ्याशी आंबील ओढ्याला बांध घालून हे पाणी अडवले गेले. बांध एक नव्हे, दोन. डोंगरातून येणारे गढूळ पाणी वरच्या तळ्यात थांबायचे, गाळ तळाशी बसायचा आणि निवळलेले पाणी खालच्या तळ्यात उतरायचे. आपल्या आज्या तुरटी फिरवून घागर रात्रभर निवळत ठेवीत; त्यातलाच हा प्रकार, फक्त घागर डोंगराएवढी. खालच्या तळ्यातून दगड-चुन्याचा बांधीव नळ निघतो. नळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मनगटाएवढी नळी येते. कात्रजचा नळ म्हणजे माणूस वाकून आत चालू शकेल असा भुयारी पाट. तो शनिवारवाड्यापर्यंत सुमारे दहा किलोमीटर जमिनीखालून येतो. ना पंप, ना इंजिन; कात्रज उंचावर आणि पुणे सखल, या एका गोष्टीवर सारा व्यवहार. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम पोखरते आणि कमी झाला तर वाटेत गाळ साचतो. आजच्यासारखी यंत्रे नसताना दहा किलोमीटर तो उतार सांभाळणारे गवंडी कोण होते, त्यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. नळावर ठिकठिकाणी विटा-दगडांचे उंच उच्छ्वास बांधलेले असत. त्यांतून हवा बाहेर पडे आणि सफाईसाठी माणसाला खाली उतरता येई. शहरात पोचल्यावर पाणी हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद ही नावे अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहेत.

या हौदांवर घागर कोण भरू शके, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पाणी उतारावरून वाहत येई, पण समाजात ते चढ-उतार पाहूनच मिळे. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच शहरात. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली झाला. आणि तरीही तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. तळे ‘सार्वजनिक’ असणे म्हणजे काय, याचा खरा धडा महाराष्ट्र तेथे शिकला. म्हणून कोठल्याही तळ्यावर गेलो की मी आधी कुंपण पाहतो. ते कशासाठी घातले आहे? पाणी वाचवण्यासाठी, माणसे वाचवण्यासाठी, की काठ विकण्यासाठी? पहिल्या दोहोंबद्दल तक्रार नाही. कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय 1999 साली आले आणि त्यासाठी तिकीट लागते. जनावरांना सांभाळायचे तर ते लागणारच, आणि त्या कुंपणामुळे काठावरची झाडीही राखली गेली. मुलांना वाघ दाखवावा, हरकत नाही. पण त्यांना बांधापाशीही पाच मिनिटे उभे करावे.

कात्रजहून परत स्वारगेटला यावे आणि तेथून पायी सारसबागेत जावे. आता आपण म्हणाल, सारसबागेत कोठले तळे आले? मुद्दा तोच आहे. तेथल्या गणपतीला पुणेकर अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. तळे गेले, गणपती राहिला आणि नावही राहिले. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी हे तळे करवले ते शोभेसाठी. मध्ये बेट राखले, त्यावर बाग केली, आणि 1784 साली सवाई माधवरावांनी बेटावर गणपतीचे देऊळ बांधले. पुढे पाणी आटवले गेले, तळ बुजला आणि विसाव्या शतकात त्या जागी आजची बाग झाली. आज आपण जेथे भेळ खातो तो तळ्याचा तळ आहे. अंगात बळ असेल तर पर्वतीच्या पायऱ्या चढून जावे. वरून पाहिले की आजूबाजूच्या रस्त्यांच्या आणि इमारतींच्या मध्ये खोलगट हिरवा तुकडा दिसतो आणि तळ्याची जागा ओळखू येते.

कात्रज आणि सारसबाग ही दोन ठिकाणे मी एकामागोमाग घेतली, त्याला कारण आहे. त्यांना जोडणारा धागा म्हणजे आंबील ओढा. कात्रजच्या डोंगरात तो उगम पावतो, सहकारनगर-अरण्येश्वरकडून पर्वतीच्या बाजूने खाली येतो आणि दांडेकर पुलावरून पुढे मुठेला मिळतो. बसने आपण आलो तो रस्ता जवळजवळ त्याच्या सोबतीनेच आला; पण बसमधल्या किती जणांना ओढा दिसला? वर्षातले दहा महिने तो गटारासारखा पडून असतो. पात्र अरुंद होत गेले, काठावर भिंती आल्या, भिंतींच्या आत घरे आली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री डोंगरावर जो पाऊस कोसळला, त्याने ओढ्याला त्याची जुनी रुंदी आठवली. त्या रात्रीच्या पुरात पुणे शहर आणि परिसरात वीसांहून अधिक माणसे दगावली. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल ही नावे तेव्हा वर्तमानपत्रांत आली ती याच ओढ्यामुळे. जे वाहून गेले ते बहुतेक हातावर पोट असलेले. ओढ्याकाठी माणूस हौसेने राहत नाही. शहरात दुसरी परवडणारी जागा त्याला कोणी ठेवलेली नसते. पात्र मोकळे केले पाहिजे हे खरे, आणि मोकळे करताना प्रथम झोपडी दिसते आणि पक्क्या इमारतीची भिंत मागाहून, हेही खरे.

सारसबागेत शिदोरी सोडावी आणि दुपारी सिंहगड रस्त्याने खडकवासल्याची गाडी पकडावी. वाटेत डाव्या अंगाला, कधी दिसत कधी लपत, मुठेचा उजवा कालवा असतो. 27 सप्टेंबर 2018 रोजी हाच कालवा दांडेकर पुलाजवळ जनता वसाहतीपाशी फुटला आणि घराघरांत पाणी शिरले.

खडकवासल्याचे धरण 1869 ते 1879 या काळात बांधले गेले. कर्नल फाइफ या अभियंत्याचे नाव तलावाला दिलेले होते. लोकांनी ते कधी तोंडात बसू दिले नाही. त्या काळी एवढे मोठे दगडी धरण हिंदुस्थानात नव्हते. भरून वाहू लागल्यावर आपोआप उघडणारी आणि पूर ओसरल्यावर मिटणारी दारे विश्वेश्वरय्यांनी येथे 1903 साली बसवली. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवण्याची ती युक्ती पुढे देशात इतरत्रही गेली. त्यांचे म्हैसूरचे नाव मोठे झाले, पण ही करामत पुण्याच्या पाण्यावरची आहे.

आणि मग 12 जुलै 1961. वरच्या अंगाचे पानशेत फुटले, ते सगळे पाणी खडकवासल्यात आले आणि ऐंशी वर्षांहून अधिक काळ उभे असलेले हे धरणही फुटले. त्या दिवसाविषयी पुण्यात मी काही सांगावे असे नाही. आपल्यापैकी ज्येष्ठांनी तो पाहिला आहे आणि बाकीच्यांनी घरात ऐकला आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. पूर ओसरला आणि नळ कोरडे पडले. पुराने बुडालेल्या शहरात प्यायला पाणी नाही, अशी ती अवस्था. तेव्हा गावातले जुने हौद आणि विहिरी लोकांना पुन्हा आठवल्या.

धरण नंतर पुन्हा उभे केले गेले. आज खडकवासल्याची साठवण दोन टीएमसीहून थोडी कमीच आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून चार धरणांची बेरीज सुमारे 29 टीएमसी होते. म्हणजे आपल्यासमोर दिसणारा विस्तीर्ण जलाशय हा आपल्या रांजणाचा केवळ गळा आहे, पोट मागे डोंगरात आहे. या पाण्यावर पुणे एकटेच हक्क सांगत नाही. तोच कालवा दौंड-इंदापुरापर्यंत शेतीला जातो. उन्हाळ्यात तेथल्या ऊसवाल्याची आणि आपल्या सोसायटीच्या टाकीची जी ओढाताण होते, ती या काठावर उभे राहिल्यावर अधिक चांगली कळते. चौपाटीवर कणीस घ्यावे, कांदाभजी घ्यावीत. पाण्यात मात्र उतरू नये. काठ उथळ वाटतो आणि तळचा गाळ पाय धरतो. दर वर्षी येथे कोणाचे तरी घर उजाड होते.

चारच्या आत तेथून निघावे, डेक्कनला किंवा महापालिकेपाशी गाडी बदलून पाषाणला जावे. या तळ्याला इतिहासाचा दिमाख नाही. भूगावच्या पलीकडे खाटपेवाडीला रामनदी निघते, तिला पाषाणला बांध घातलेला आहे, आणि पुढे ती औंधाकडे मुळेला मिळते. पण थंडीच्या दिवसांत सूर्य कलताना येथे बसावे. चोचीवर पिवळे-लाल लेणे मिरवणारे हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, पंख पसरून वाळवणारे पाणकावळे दिसतात. काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा लावलेला एक पक्षी आहे, त्याला आपल्या लोकांनी ‘वारकरी’ म्हटले आहे. नाव ठेवणाऱ्याने पक्षीही नीट पाहिला असणार आणि पंढरीची वाटही.

पाण्यावर जे हिरवे गालिचे दिसतील त्यांना मात्र हिरवळ समजू नये. ती जलपर्णी. वस्त्यांचे सांडपाणी रामनदीतून येते, त्यातले नत्र आणि स्फुरद तिला खत म्हणून पोचते, आणि ती झपाट्याने पसरते. खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे जातात आणि मासे गेले की पक्षी जातात. ती काढण्यासाठी यंत्रे लावतात, ढीग काठावर येतात आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर होते. कारण वरून येणारे सांडपाणी थांबलेले नसते. कोठल्या नाल्याने ते येते हे पाहायचे असेल तर नदीच्या काठाने वर, बावधन-भूगावकडे, चालत जावे लागेल. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठापाशी थांबावे. पुढचा शनिवार मोकळा आहे, आणि भूगावची गाडी सकाळी लवकर गाठावी लागेल.