पावसातील धाव आणि शरीराची ऊब

थंडीने माणूस दगावला असे म्हटले की बर्फाच्छादित शिखरे आणि शून्याखाली उतरलेला पारा डोळ्यांपुढे उभा राहतो. धावणाऱ्याच्या बाबतीत ही कल्पना दिशाभूल करणारी आहे. कोरड्या, निर्वात थंडीत धडधाकट मनुष्य पुरेशा वस्त्रांनिशी दीर्घकाळ धावू शकतो. परंतु चार-पाच अंश तापमान, संततधार आणि सोसाट्याचा वारा ही तिन्ही एकत्र आली की तोच मनुष्य संकटात सापडतो.

चीनच्या गान्सू प्रांतात, बाइयिन शहराच्या परिसरातील पीत नदीकाठच्या पाषाणवनात, २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ स्पर्धक सकाळी निघाले. मे महिना असल्यामुळे अनेकांच्या अंगावर आखूड विजार आणि पातळ सदरा एवढेच होते. जलरोधक जाकीट बाळगणे सक्तीचे नव्हते, आणि कित्येकांनी आपली उबदार वस्त्रे पिशव्यांत भरून पुढील टप्प्यावर पाठवून दिली होती. दुपारच्या सुमारास, जेथे वाहन पोहोचू शकत नव्हते अशा खड्या चढावर गारा, गोठविणारा पाऊस आणि झंझावात ह्यांनी त्यांना गाठले. त्या दिवशी २१ जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये चीनमधील नामांकित धावपटू होते, म्हणजे दुर्बळ आणि अननुभवी तेवढेच मेले असे म्हणण्याची सोय नाही.

ह्याचे कारण शरीराच्या व्यवहारातच आहे. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. वेग कायम आहे तोपर्यंत भिजलेल्या अंगालाही थंडी जाणवत नाही. पण ही ऊब म्हणजे हातावरचे पोट. काम थांबले की मिळकत थांबते, आणि खर्च मात्र चालूच राहतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, आणि ओल्या कपड्यांवरून वाहणारा वारा तीत भर घालतो. धावणारा दमला, पाय मुरगळला, वाट चुकली किंवा चढामुळे चालू लागला, की धोका तेथून सुरू होतो.

१९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू ह्यांनी ह्याच प्रश्नाचा अभ्यास केला. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडमधील डर्बीशर भागात दूर अंतराच्या चालण्याच्या स्पर्धेत पाऊस-वाऱ्यात तीन तरुण मरण पावले होते. ओल आणि वारा एकत्र आले की वस्त्रांची ऊब राखण्याची शक्ती फार मोठ्या प्रमाणात नष्ट होते, आणि श्रमाचा वेग मंदावलेल्या माणसाला ती हानी भरून काढता येत नाही, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले.

तेव्हा वस्त्रे निवडावयाची ती धावण्याच्या नव्हे, थांबण्याच्या हिशेबाने. सुती गंजीफ्रॉक पाणी धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो. त्याऐवजी लोकर अथवा पाणी न शोषणारा कृत्रिम धागा अंगालगत असावा. लोकर भिजली तरी काही ऊब राखते. भर पावसात घोंगडी पांघरणाऱ्या धनगराला हे कोणी शिकवावे लागत नाही. त्यावर वारा व पाऊस अडविणारे, टोपी असलेले जाकीट घ्यावे. सुरुवातीलाच फार जाड कपडे घालू नयेत, कारण घामही शेवटी पाणीच. जाकीट, टोपी आणि हातमोजे जवळच असावेत, आणि अंग गारठण्यापूर्वी चढवावेत. उशीर झाला तर बधिर बोटांना साखळीही ओढवत नाही. शक्य असल्यास जाताना वाऱ्याच्या तोंडी धावावे, म्हणजे परतताना तो पाठीशी राहतो. काही खाद्यही बरोबर ठेवावे. उपाशी शरीराला पुरेसे कुडकुडताही येत नाही.

शरीराच्या आतील तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. प्रथम जोराची थरथर सुटते; मग नाडी बांधता येत नाही, पाय अडखळतात, शब्द जड येतात, माणूस चिडखोर किंवा उदासीन होतो. ह्यातील कपटी भाग असा की विचारशक्तीच मंद झाल्यामुळे “काही झाले नाही” असे तो ठामपणे सांगतो. त्याच्या शब्दावर विसंबू नये. थरथर थांबली आणि गुंगी वाढली, तर ती सुधारणा नसून प्रकृती ढासळल्याची खूण होय. अशा वेळी वैद्यकीय मदत तत्काळ मागवावी.

गान्सूच्या त्या डोंगरात एका मेंढपाळाने सहा धावपटूंना गुहेत आश्रय दिला. तेथे त्याने कपडे आणि रजया साठवून ठेवल्या होत्या. त्याने शेकोटी पेटविली, आणि ते सहाही वाचले. प्रथमोपचाराचा क्रमही साधारण असाच आहे. आधी वाऱ्यापासून आडोसा, मग ओले कपडे उतरविणे, अंग कोरडे करून डोक्यासह गुंडाळणे. ऊब हातापायांना नव्हे, तर छाती, मान आणि काखा ह्यांना द्यावी. अंग चोळू नये, मद्य देऊ नये, फार गारठलेल्याला उठवून चालवू नये. अशा वेळी धसमुसळेपणाने हृदयाची लय बिघडू शकते. शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल, तरच कोमट गोड पेय घोटघोट पाजावे.

सुखरूप पोहोचलेल्यालाही थोडी सावधगिरी हवी. धाव संपल्यावरही काही काळ शरीराचे तापमान उतरत राहू शकते. म्हणून शर्यतीच्या शेवटी गप्पांत रमण्याआधी कोरडे कपडे चढवावेत, आणि ते जेथे ठेवले आहेत ती जागा निघण्यापूर्वीच सोबत्यालाही सांगून ठेवावी.