मुंबईचा नळ आणि शहापूरची तहान



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या कामात कुठलीही यंत्रणा तपासताना पहिला प्रश्न असतो : यातला कोणता एक भाग बंद पडला, तर सगळं ठप्प होईल? हाच प्रश्न आज मुंबईच्या नळाला विचारू या.

मुंबईला सात तलाव पाणी देतात. विहार आणि तुळशी शहरातले, पण छोटे. बाकीचे पाच ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगराळ भागात. तानसाचं पाणी 1892 पासून येतंय. आज निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं आहे. तानसा आणि भातसा, दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. आणि त्याच शहापूरचे कितीतरी आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

हा अन्याय तर आहेच, पण शहरासाठी धोकाही आहे. धरणाभोवतीचं जंगल गेलं, की माती वाहून येते, गाळ साचतो, साठा घटतो. ते जंगल राखायचं कुणी? ज्याच्या घरात हंडा रिकामा आहे, त्याने?

गावाला आपण फुकटचा बॅकअप समजतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शहरानं हात वर केले, तेव्हा हजारो लोक चालत गावीच निघाले. पण निगा न राखलेला बॅकअप ऐनवेळी दगा देतो.

न्यूयॉर्कनं वेगळा मार्ग धरला. तिथलं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं. 1997 मध्ये शहरानं तिथल्या गावांशी करार केला. शेतातली घाण ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना आणि सेप्टिक टाक्यांच्या दुरुस्तीसाठी घरमालकांना शहर पैसे देतं. पाणी उगमाशीच स्वच्छ राहिलं आणि अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प टळला. गावाचा फायदा झाला आणि शहराचाही.

आपण काय करू शकतो? आपल्या नगरसेवकाला विचारा : पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा धरणाजवळच्या पाड्यांच्या नळयोजनांना का मिळू नये? सोसायटीतला पावसाच्या पाण्याचा खड्डा चालू आहे का, ते बघा. वजूचं पाणी गटारात न सोडता झाडांना किंवा फ्लशला वापरता येतं. मशिदीच्या ट्रस्टींसमोर हा विषय मांडा. वाहत्या नदीकाठीही वजू करताना पाणी उधळू नका, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मुंबईच्या नळाला येणारी नदी शहापूरची आहे, एवढं लक्षात ठेवा.