झोपेंत दांत खाणें



बीड जिल्ह्यांतील जुन्या घरांना मातीचें माळवद असतें. उन्हाळ्यांत कुटुंब या माळवदावर अंथरुणें टाकून निजतें, आणि मग एकाची झोप दुसऱ्यापासून लपून राहत नाहीं. कोणी घोरतो, कोणी बरळतो, कोणी करकर दांत खातो. लहान मूल दांत खाऊं लागलें कीं घरांतील वडीलधारी बाई "जंत झाले असतील" असा निर्णय देऊन मोकळी होते. मोठा माणूस दांत खाऊं लागला तर त्याचें निदान कोणी करीत नाहीं. फार तर "दिवसाचा राग रात्रीं काढतो" एवढें म्हणून सगळे कूस बदलतात.

जंतांचा आणि दांत खाण्याचा कार्यकारणसंबंध निःसंशय सिद्ध झालेला नाहीं. जंतांचें औषध जंतांसाठीं द्यावें. 2015 सालापासून शाळांतून व अंगणवाड्यांतून तें दिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु औषध देऊनही मूल दांत खातच राहिलें, तोंड उघडें टाकून झोपूं लागलें, घोरूं लागलें, तर त्याचा घसा पाहावयास हवा. टॉन्सिल आणि नाकामागील ॲडेनॉइड नांवाच्या गाठी वाढल्या कीं श्वासाची वाट अरुंद होते. अशा गाठी काढल्यानंतर कित्येक मुलांचें दांत खाणें कमी झालेलें आढळलें आहे.

मोठ्या माणसांतही हा धागा सांपडतो. जागेपणीं घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरून ठेवतात. झोपेंत ते सैलावतात आणि जीभ मागें सरकते. मान जाड असली, हनुवटी आखूड असली, अंगावर चरबी चढली असली, कीं ती वाट चिंचोळी होऊन श्वास घरघरत जातो, तेंच घोरणें. वाट पुरती मिटली कीं घोरणें एकाएकीं थांबतें. शेजारीं निजलेल्यास वाटतें, बरें झालें, आतां गाढ झोप लागली! वस्तुतः त्या क्षणीं त्या माणसाचा श्वास अडलेला असतो. छाती हालत असते, पण वारा आंत जात नाहीं. दहा सेकंद, वीस सेकंद, क्वचित् मिनिटभरही. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदु घाबरून देहाला अर्धवट जागें करतो, आणि मोठा घोरका आवाज होऊन श्वास पुन्हां चालूं लागतो. विकार जड असला तर हें तासाला तीस किंवा त्याहूनही अधिक वेळां घडतें, आणि सकाळीं त्या माणसाला यांतलें कांहीं आठवत नाहीं. राहतें तें जड डोकें, कोरडा घसा आणि दिवसभराची पेंग. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. आपण झोपेंतील श्वासावरोध म्हणूं.

या अर्धवट जागृतीच्या सुमारास जबडा आवळला जातो. मेंदूच्या आणि जबड्याच्या विद्युत्-लहरी एकाच वेळीं टिपल्या असतां पुष्कळदां असें दिसतें कीं आधीं मेंदु चाळवतो, नाडी जलद होते, आणि लगोलग दांत घासले जातात. जबडा हालवून मिटलेली वाट उघडण्याची ही देहाची धडपड असावी, असें कांहीं संशोधक मानतात. कल्पना मनोहर आहे; पण ती सर्वांना लागू पडत नाहीं. श्वास निर्वेध असलेलीं माणसेंही दांत खातात, आणि श्वास अडणारीं कित्येक माणसें मुळींच खात नाहींत. चिंता, तंबाखू, मद्य, उदासीनतेवरील कांहीं औषधें, यांचाही त्यांत वांटा असतो. दांत खाणें आणि घोरणें एकाच अंथरुणावर आढळलें, तर मात्र तपास करावा.

कारण येथें एक फसगत संभवते. झिजलेले दांत घेऊन माणूस दंतवैद्याकडे जातो, आणि दंतवैद्य रात्रीं वरच्या दांतांवर बसवावयाचें कवच करून देतो. दांत वांचतात हें खरें. परंतु माँट्रियल येथील संशोधकांनीं श्वासावरोधाच्या दहा रुग्णांना असें कवच दिलें, तेव्हां त्यांपैकीं कांहींचा विकार उलट वाढला; हें त्यांनीं 2004 सालीं प्रसिद्ध केलें. दहा जणांवरून सिद्धान्त उभा राहत नाहीं, पण सावध होण्यास तेवढें पुरे. खालचा जबडा पुढें धरणारें कवच निराळें. त्यानें वाट मोकळी होण्यास मदत होते. जड विकारावरचा मुख्य उपाय म्हणजे नाकावर मुखवटा बांधून हवेच्या दाबानें घसा उघडा ठेवणें. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो 1981 सालीं जगापुढें मांडला.

हा विकार परदेशांतील स्थूल माणसांचा, असें समजणें चुकीचें आहे. मुंबईंत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनीं 35 ते 65 वर्षें वयाच्या पुरुषांची पाहणी करून 2004 सालीं प्रसिद्ध केली. तींत दिवसाच्या पेंगेसह हा विकार शेंकडा साडेसात जणांस आढळला. बीडसारख्या जिल्ह्यांत तो ओळखणें अधिक कठीण. येथून ऊसतोडीला जाणारीं जोडपीं महिनेन् महिने कोपींत राहतात, पहाटेपूर्वीं उठतात, अवेळीं गाडी भरतात. अशा माणसाला दिवसां पेंग आली तर ती श्रमाचीच, असें कोणीही म्हणेल. स्त्रियांची गोष्ट आणखी अवघड. पुरुषाचें घोरणें घरांत थट्टेचा विषय होतें, स्त्रीचें लाजेचा. सून घोरते हें सासरीं सांगावयाचें कोणी आणि कोणाला? डॉक्टरपर्यंत तें पोंचतच नाहीं.

अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथें किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयांत प्रथम नाक, घसा आणि रक्तदाब दाखवावा. रात्रभराची झोपेची तपासणी सर्वत्र होत नाहीं. तिच्यासाठीं मोठ्या शहराची वाट धरावी लागेल. जाण्यापूर्वीं घरच्या माणसानें एक रात्र जागून घोरणें किती वेळां थांबतें तें घड्याळ लावून टिपावें, अथवा मोबाइलवर तो आवाज धरून ठेवावा. दांतांच्या डॉक्टरकडे गेलां तरी घोरण्याची गोष्ट त्यांना आपण होऊन सांगावी. ते विचारतीलच असें नाहीं.