पावसाची सरासरी आणि पावसातला खंड

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारताच्या बदलत्या हवामानाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याची मुख्य जबाबदारी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी उचलली होती. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, तर मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, असे तो सांगतो. हे काम फार मोलाचे आहे. पण परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: मृगाच्या पावसावर चाड्यावर मूठ धरावी, की थांबावे? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला आहे. तेवढा पाऊस होऊनही पुढे पंधरा दिवस उघडीप राहिली, तर दुबार पेरणी कपाळी येते. पाऊस हंगामाची सरासरी गाठतो आणि पीक तरी जाते, ते या खंडामुळे.

या खंडाचे उत्तर गावागणिक द्यावे, या मागणीवर अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. जागतिक हवामान प्रारूपांचा एकेक चौकोन बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. त्यावरून गावाचे भविष्य सांगणे म्हणजे खोटी अचूकता. ती कुणीच देऊ नये. मात्र खंडाचा प्रश्न प्रारूपावर अडत नाही. तालुक्याच्या पर्जन्यमापकाची जुनी नोंद चाळली, तर पेरणीजोगा पाऊस झाल्यावर दहापैकी किती वर्षांत उघडीप पडली, हे मोजता येते, आणि ते प्रमाण वाढते आहे का, हेही. शेतकऱ्याला शक्यतेची भाषा कळणार नाही, हे मला पटत नाही. दरवर्षी नक्षत्रांचे अंदाज मनात धरून तो जोखीमच तोलतो. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी मिळतोच, असेही म्हटले जाते. फवारणीसाठी तो उपयोगी आहे. पण बियाणे, पीक आणि कर्ज यांचे निर्णय मे महिन्यातच होतात. या सल्ल्यातला पाच दिवसांचा अंदाज आणि अनेक दशकांचा अहवाल यांच्यामधली ही जागा रिकामी आहे, आणि ती भरायची तर संशोधनाचा प्रश्नच शेतावरून यायला हवा.

हे अशक्य नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाऊस ताणला, तेव्हा पीकविम्याच्या आगाऊ भरपाईसाठी महसूल मंडळागणिक २१ दिवसांचा खंड मोजला गेलाच. नुकसान झाल्यावर जी मोजणी झाली, तीच मागच्या तीस-चाळीस वर्षांसाठी करून मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल.