मनगट मोकळं हवं



इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००८ पासून एक नियम आहे.
रुग्ण तपासताना कोपराखाली काही नको.
लांब बाही नको. घड्याळ नको.
साधी लग्नाची अंगठी तेवढी चालते.
कारण, पट्ट्याखाली हात नीट धुतला जात नाही.

मग नाडी कशी मोजायची?
नर्स छातीवर घड्याळ उलटं टाचतात.
मान खाली घातली, की त्यांना ते सुलट दिसतं.
दोन्ही हात मोकळे!
युक्ती जुनी, पण काय नेमकी!

स्मार्टवॉच मात्र मनगटासाठीच घडलेलं.
ते छातीवर न्यायचं, तर क्लिप हवी.
क्लिप पुसता येईल अशी हवी, सिलिकॉनची.
कापडी शिवणीत मळ बसतो.
आकडेही उलटे फिरायला हवेत.

थोडक्यात, मनगट मोकळंच हवं.
आणि हो, कपड्यावर लावलेलं स्मार्टवॉच डॉक्टरांच्या स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजणार नाही.
त्याला त्वचेचा स्पर्श लागतो.