डेमोत ‘चालतंय’ म्हणजे नक्की काय?

कॉन्फरन्ससाठी डेमो बसवताय? मग आज एकच प्रश्न. दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिस्टिम एकमेकींशी बोलतात, हे स्टेजवर दाखवायचं कसं?

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. भोसरीच्या वर्कशॉपमधून चाकणच्या प्लांटला पार्ट निघाले. सप्लायरची उलाढाल 5 कोटींच्या वर असेल, तर 1 ऑगस्ट 2023 पासून अशा बिलाला ई-इनव्हॉइस लागतं. त्याचं सॉफ्टवेअर पोर्टलला जेसन पाठवतं, तिथून 64 अक्षरांचा आयआरएन आणि क्यूआर कोड परत येतो. मग तेच बिल प्लांटच्या ईआरपीला वाचता आलं पाहिजे.

गोची इथेच होते. ई-इनव्हॉइसमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी असते. समोरची सिस्टिम महिना आधी धरत असेल तर? 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि टेम्पो गेटवर उभा!

हे दुखणं जुनंच आहे. मानकं होती, पण जो तो आपापल्या परीने वाचायचा. म्हणून 2002 मध्ये मायक्रोसॉफ्ट, आयबीएम वगैरेंनी डब्ल्यूएस-आय ही संस्था काढली.

तेव्हा एकाच लॅपटॉपवर दोन्ही बाजू चालवून टाळ्या घेऊ नका. दुसरी बाजू दुसऱ्या टीमला लिहू द्या, फक्त स्पेसिफिकेशन वाचून. आणि एक चुकीचं बिल मुद्दाम पाठवा. ‘एरर 500’ आलं, की ‘तारीख चुकीच्या फॉरमॅटमध्ये आहे’ असं आलं? छोट्या सप्लायरकडे आयटी डिपार्टमेंट नसतं. त्याच्या हातात तेवढा मेसेजच असतो.

चला, भेटू पुढच्या भागात!